सामाईक गच्ची, सामाईक वीज

(सहकारी गृहनिर्माण संस्थांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त वीज अभियंत्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वर्गास निरनिराळ्या राज्यांतील मराठी भाषिक कार्यकर्ते उपस्थित होते.)



येथे जमलेल्यांपैकी बहुतेकजण आपापल्या गृहनिर्माण संस्थेत चिटणीस आहेत, खजिनदार आहेत, किंवा निदान वार्षिक सभेत उभे राहून अडचणीचे प्रश्न विचारणारे सभासद आहेत. कोणी इंदूरहून आले, कोणी बडोद्याहून, कोणी हैदराबाद, दिल्ली, बेळगाव, पुणे, मुंबई येथून. परंतु येताना सर्वांनी जवळजवळ एकच प्रश्न बरोबर आणला आहे. ‘आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेले बसवावीत की नाही?’

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘बसवावीत’ असेच मी देईन. आपल्या देशात आजही विजेचा फार मोठा भाग कोळसा जाळून तयार होतो. चंद्रपूरच्या धुराचा आणि राखेचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना उन्हापासून वीज करण्याचे महत्त्व मी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु केवळ ‘बसवावीत’ एवढे उत्तर घेऊन आपण परत गेलात, तर दुसऱ्या दिवशी विक्रेता दारात उभा राहील, छापील करार पुढे करील, आणि पंचवीस वर्षांचे बंधन एका सहीने स्वीकारले जाईल. म्हणून मी हा प्रश्न तीन भागांत मांडणार आहे. पहिला, ही वीज इमारतीच्या तारांतून प्रत्यक्षात कोठे जाते? दुसरा, ती कोणाच्या बिलात जमा होते? आणि तिसरा, ज्या गच्चीवर ती तयार होते, त्या गच्चीचा मालक कोण? पहिला प्रश्न अभियांत्रिकीचा, दुसरा हिशेबाचा आणि तिसरा हक्काचा आहे. विक्रेता पहिल्याविषयी थोडे बोलतो, दुसऱ्याविषयी सोयीपुरते बोलतो आणि तिसऱ्याविषयी मौन पाळतो.

वीज कोठे जाते?

प्रकाशापासून वीज निर्माण होते हे एदमाँ बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये दाखवून दिले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला आणि तो पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच विजेत रूपांतरित करी. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० टक्क्यांहून अधिक रूपांतर करतात. अशा अनेक पॅनेलांची माळ गच्चीवर जोडली की तिच्यातून एकदिश प्रवाह मिळतो. आपल्या घरातील दिवे, पंखे, पंप हे मात्र प्रत्यावर्ती प्रवाहावर, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालतात. हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. घरातील दिवे गेल्यावर बॅटरीवर पंखा चालवणारा जो इन्व्हर्टर आपण पाहतो, तो हा नव्हे. गच्चीवरील संचाचा इन्व्हर्टर वीजकंपनीच्या पुरवठ्याशी ताल जुळवून, त्याच्या जोडीनेच वीज सोडतो.

इमारतीच्या तळमजल्यावर मीटरची खोली असते. तेथे वीजकंपनीची मुख्य तार येते आणि तिच्यातून प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र मीटर व एक सामाईक मीटर निघतो. जिन्यातील दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट या सामाईक मीटरवर चालतात. सौर संच सामाईक मीटरच्या मागे जोडला, तर दुपारी तयार होणारी वीज प्रथम पंप आणि लिफ्ट वापरतात. उरलेली वीज मीटरमधून उलट बाहेर पडते आणि सर्वांत जवळच्या गरजेकडे, म्हणजे बहुधा त्याच इमारतीतील एखाद्या सदनिकेच्या पंख्याकडे वा शीतकपाटाकडे जाते. तारेच्या दृष्टीने ती वीज इमारतीतच राहिली. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ती वीजकंपनीला दिली गेली, आणि त्या सदनिकेतील कुटुंबाने ती कंपनीकडून पूर्ण दराने विकत घेतली. वीज एका वाटेने जाते आणि पैसा दुसऱ्या वाटेने जातो. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली, त्याला पुढचा सर्व विषय सोपा होईल.

पुरवठा बंद असताना

‘मग वीज गेली तरी आमची लिफ्ट सौर विजेवर चालेल ना?’ असे सर्वत्र विचारले जाते. साध्या, बॅटरीविना असलेल्या संचात ती चालणार नाही. पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टरने स्वतःहून बंद झाले पाहिजे, असा नियम आहे. भर दुपारी गच्चीवर लख्ख ऊन असताना जिन्यात लिफ्ट अडकलेली पाहून सभासद संतापतात आणि आपण फसलो असे म्हणतात. या नियमामागे काय आहे ते मी पाहिले आहे, म्हणून सांगतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील पावसाळा. तार तुटली होती, वाहिनी बंद केली होती आणि आमचा लाइनमन खांबावर चढला होता. त्याच वेळी जवळच्या एका दुकानदाराने आपला छोटा जनरेटर सुरू केला. चेंजओव्हर स्विच बसवण्याचा खर्च त्याने वाचवला होता. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. खालून आलेली वीज त्याने वर चढवली आणि बंद म्हणून समजलेली उच्च दाबाची वाहिनी जिवंत झाली. आमचा माणूस खांबावरच गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या घरी निरोप घेऊन मी गेलो होतो.

आज एका वाहिनीवर एक जनरेटर नसून शेकडो गच्च्यांवर शेकडो संच असतील. खांबावर चढणाऱ्या माणसाचा जीव त्या प्रत्येक इन्व्हर्टरच्या स्वतःहून बंद होण्यावर अवलंबून आहे. तेव्हा ‘जरा सेटिंग बदलून द्या, वीज गेली तरी चालू राहू द्या’ असे ठेकेदाराला सांगणारा सभासद आपल्या संस्थेत असेल, तर त्याला हे सांगा. पुरवठा नसताना लिफ्ट चालवायची असेल, तर त्याला सरळ मार्ग आहे. बॅटरीसह चालणारा इन्व्हर्टर घ्यावा, लिफ्ट व जिन्यातील दिवे यांची वेगळी वाहिनी करावी आणि पुरवठा जाताच ती वाहिनी बाहेरच्या तारेपासून पूर्णपणे तुटेल अशी व्यवस्था करावी. त्याला खर्च अधिक येतो. तो झेपत नसेल तर लिफ्ट थांबू द्यावी.

ज्या इमारतीत डिझेलचा जनरेटर आहे, तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला वाटते पुरवठा परत आला, आणि तोही वीज सोडू लागतो. त्या वेळी इमारतीतील वापर कमी असेल तर सौर वीज जनरेटरमध्येच उलट शिरते आणि त्याची हानी होते. आमच्या इमारतीत हा विचार आधी कोणी केला नाही, मीही केला नाही, आणि पहिल्याच महिन्यात जनरेटर वारंवार बंद पडू लागला. शेवटी सौर संचाची जोडणी चेंजओव्हरच्या अलीकडे, वीजकंपनीच्या बाजूला नेली, तेव्हा प्रश्न सुटला. आपण हे आधीच नकाशावर पाहून घ्या.

आग आणि जोडणी यांविषयी एकच सांगतो. मेन स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत गच्चीवरील माळेत कित्येक शे व्होल्टचा दाब राहतोच. म्हणून एकदिश प्रवाहाचा वेगळा स्विच हाताशी येईल अशा जागी हवा, त्याची जागा दाखवणारी पाटी जिन्याच्या तोंडाशी मराठीत वा त्या गावच्या भाषेत हवी, आणि स्वतंत्र अर्थिंग व वीजरोधक हवा.

छप्पर एक, मजले सात

आता हिशेब करू. मी राहतो ती इमारत सात मजल्यांची आहे. मजल्यावर चार, अशा २८ सदनिका. गच्ची सुमारे ३,२०० चौरस फूट. परंतु तिच्यावर पाण्याच्या टाक्या आहेत, लिफ्टची खोली आहे, जिन्याचे डोके आहे आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली पश्चिमेच्या कोपऱ्यावर पडते. उपयोगी जागा निम्मी, १,६०० चौरस फूट. एका किलोवॅटला ढोबळ मानाने १०० चौरस फूट लागतात. म्हणजे १६ किलोवॅट. आपल्या देशात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. म्हणजे दिवसाला ६४ आणि महिन्याला सुमारे १,९०० युनिट.

इमारतीचा सामाईक वापर महिन्याला १,००० युनिटांच्या आसपास आहे. सदनिकांचा सरासरी १५० युनिट धरला तर ४,२००. एकूण ५,२००. म्हणजे संपूर्ण उपयोगी गच्ची पॅनेलांनी झाकली तरी इमारतीच्या गरजेच्या एकतृतीयांशाहून थोडे अधिक भागेल. इमारत चौदा मजल्यांची असती तर छप्पर तेवढेच आणि कुटुंबे दुप्पट. उलट एकमजली बंगल्याचे छप्पर त्याच्या गरजेहून मोठे असते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. ‘तुमची इमारत विजेच्या बिलातून मुक्त होईल’ असे जो उंच इमारतीला सांगतो, तो खोटे बोलतो. आणि दुसरा निष्कर्ष असा की, सौर विजेचे धोरण बंगल्याकडे पाहून आखले गेले, तर इमारतीत राहणाऱ्या मोठ्या शहरी जनसमूहाच्या वाट्याला त्याचा लाभ कमीच येणार.

हे आकड्यांनी पडताळून पाहता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची छतावरील सौर विजेची योजना सुरू केली. तीत स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठेवले. गृहनिर्माण संस्थेला मात्र सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये, म्हणजे तेवढ्याच तीन किलोवॅटला ५४,०००. बंगलेवाल्याचे तीन किलोवॅट आणि अठ्ठावीस कुटुंबांचे तीन किलोवॅट यांत २४,००० रुपयांचा फरक कोणत्या न्यायाने केला, हा प्रश्न आपण जाहीरपणे विचारला पाहिजे. मोठ्या इमारतीत किलोवॅटमागे खर्च कमी येतो असे उत्तर मिळेल. त्यात तथ्यही आहे. परंतु जेथे गरजेच्या मानाने छप्पर अपुरे आहे, तेथे लाभही अपुराच राहतो, याचा हिशेब त्या उत्तरात नाही.

हिशेबाच्या चार पद्धती

इमारतीत सौर वीज आणण्याच्या सध्या चार पद्धती आहेत. प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगाचे नियम निराळे असल्यामुळे सर्वत्र चारही उपलब्ध असतीलच असे नाही. आपापल्या राज्यात काय लागू आहे ते आपण पाहावे.

पहिली पद्धत सामाईक मीटरला संच जोडण्याची. मीटर दोन्ही दिशांनी मोजणारा, म्हणजे नेट मीटर, बसतो. घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात. ही सर्वांत सोपी पद्धत. आम्ही ८ किलोवॅटचा संच असा जोडण्याचे ठरवले. महिन्याला साधारण ९६० युनिट, म्हणजे सामाईक वापराच्या जवळपास. किलोवॅटला ५५,००० रुपये धरून खर्च ४,४०,०००. अनुदान १,४४,०००. उरलेले २,९६,००० रुपये २८ सदनिकांत वाटले तर प्रत्येकी सुमारे १०,६००. युनिटला ९ रुपये धरले तर महिन्याला ८,६०० रुपयांची बचत, आणि तीन वर्षांच्या आत रक्कम भरून निघते. पॅनेलांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते. इन्व्हर्टर मात्र मध्येच एकदा बदलावा लागेल. त्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूला टाकावी.

दुसरी पद्धत गच्चीचे पट्टे पाडून ज्याचा त्याचा संच ज्याच्या त्याच्या मीटरला जोडण्याची. हिला माझा विरोध आहे. प्रथम पैसे असणारे चारजण पुढे येतात, उन्हाची जागा घेतात, आणि पाचव्याला सावलीचा कोपरा उरतो. अठ्ठावीस तारा जिन्यातून खाली येतात, अठ्ठावीस इन्व्हर्टर लागतात. एकाच फेजवर अनेक संच पडले तर तेथील दाब वाढतो आणि इन्व्हर्टर पुनःपुन्हा बंद पडतात. सामाईक मालमत्तेचे तुकडे पाडण्याचा हा प्रकार तांत्रिकदृष्ट्याही वाईट आहे.

तिसरी पद्धत आभासी नेट मीटरिंगची. नाव अवघड आहे, कल्पना सोपी आहे. गच्चीवर एकच संच, त्याला एकच मीटर. त्याने मोजलेली युनिटे ठरलेल्या प्रमाणात निरनिराळ्या सदनिकांच्या बिलांत वजा होतात. तारांना हात लावावा लागत नाही, केवळ वीजकंपनीच्या हिशेबाच्या वहीत बदल होतो. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ब्राझीलमध्ये २०१६ पासून अनेक सदनिकांच्या इमारतींना अशी वाटणी करता येते. स्पेनमध्ये २०१९ च्या राजाज्ञेने शेजाऱ्यांना एका संचाची वीज ठरलेल्या प्रमाणात वाटून घेण्याची मुभा दिली. जर्मनीतील शहरांत बहुसंख्य लोक भाड्याने राहतात. तेथे भाडेकरूंना छतावरील वीज देण्याचा कायदा २०१७ मध्ये झाला, परंतु अटी किचकट असल्याने तो फारसा रुजला नाही, आणि २०२४ मध्ये इमारतीतील सामुदायिक वाटपाची सोपी पद्धत आणावी लागली. त्याच वर्षी भाडेकरूला आपल्या सज्जात छोटे पॅनेल लावण्याचा कायदेशीर हक्कही मिळाला. यातून धडा घ्यायचा तो असा की, यंत्र कधीच तयार होते. अडत होते ते नियमांपाशी.

चौथी पद्धत संपूर्ण इमारतीला एकच मोठा मीटर घेऊन आत उपमीटर बसवण्याची. २०२४ च्या फेब्रुवारीत झालेल्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीप्रमाणे इमारतीतील मालकांना स्वतंत्र जोडण्या हव्यात की एकच जोडणी, हे पारदर्शक मतदानाने ठरवता येते. एका जोडणीत सौर वीज संपूर्ण इमारतीत मुरते, हा फायदा. परंतु बिल वाटण्याचे काम संस्थेकडे येते. काही ठिकाणी हे काम बिल्डरच्याच माणसांकडे राहते आणि ते मनमानी दर लावतात. ज्या संस्थेचा कारभार उघडा नाही, तिने या वाटेला जाऊ नये.

याच दुरुस्तीने दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली आहे. अधिकारी ‘पाहणी झाल्याशिवाय अर्ज घेणार नाही’ असे म्हणाला, तर त्याला हा नियम दाखवा.

गच्चीचा मालक कोण?

आता हक्काचा प्रश्न. सदनिका विकून झाल्यावरही गच्ची आपलीच आहे असे समजणारे बिल्डर सर्व शहरांत आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने सामाईक क्षेत्राची व्याख्या केली आहे. तीत गच्ची स्पष्टपणे नमूद आहे, आणि नवीकरणीय ऊर्जेची यंत्रणाही सामाईक सोयींत घातली आहे. त्यापूर्वी, ऑगस्ट २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका संस्थेच्या दाव्यात इमारतीखालची वाहनतळाची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असा निर्णय दिला होता. महाराष्ट्रातील जुन्या इमारतींत अडचण अशी की, १९६३ च्या कायद्याने बंधनकारक असूनही अनेक बिल्डरांनी जमिनीचे अभिहस्तांतरणच करून दिलेले नाही. अशा संस्थांनी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आधी करावा. कागद आपल्या नावावर नसताना गच्चीवर लाखो रुपये घालणे शहाणपणाचे नाही.

गच्ची सर्वांची आहे म्हटल्यावर तिच्यावरील उन्हाचा लाभही सर्वांचा, हे ओघानेच आले. परंतु ‘सर्वांचा’ म्हणजे कसा? आमच्या सभेत तळमजल्यावरच्या एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या. त्या भाड्याच्या घरात राहतात, मालकाने पाठवलेले अधिकारपत्र घेऊन सभेला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी लिफ्ट वापरत नाही. माझ्या बिलात काय कमी होणार?’ काहीजण हसले. मला मात्र हा प्रश्न त्या सभेतला सर्वांत मोलाचा वाटला. सामाईक मीटरची बचत मेंटेनन्समध्ये दिसते आणि मेंटेनन्स मालक भरतो. घराचे वीजबिल भरतो तो भाडेकरू. संच केवळ सामाईक मीटरला जोडला, तर भाडेकरूच्या हाती काहीच येत नाही.

बऱ्याच वादानंतर आम्ही असा ठराव केला. पहिले आठ किलोवॅट सामाईक वापरासाठी. उरलेल्या आठ किलोवॅटची जागा कोणा एकाला न देता राखून ठेवायची, आणि वाटणीची पद्धत उपलब्ध होताच तेथील वीज सर्व सदनिकांना सारखी, महिन्याला सुमारे ३४ युनिट याप्रमाणे, द्यायची. क्षेत्रफळाच्या प्रमाणात द्यावी असे मोठ्या सदनिकांचे म्हणणे होते. आम्ही म्हटले, ऊन क्षेत्रफळाप्रमाणे विकत घेतलेले नाही. ज्यांना आरंभीची रक्कम एकदम भरता येत नव्हती, त्यांच्याकडून ती दोन वर्षांत हप्त्याने घेतली. ठराव चार मतांनी मंजूर झाला, एकमताने नव्हे, हेही सांगून टाकतो.

पंचवीस वर्षांचा करार

या ठरावापूर्वी आमच्यापुढे दुसरा प्रस्ताव होता. एक खासगी कंपनी स्वखर्चाने संच बसवणार, गच्ची पंचवीस वर्षे तिच्याकडे, आणि आम्ही तिच्याकडून वीज विकत घ्यायची. पहिल्या वर्षी युनिटला ५ रुपये. ‘एक पैसाही न गुंतवता’ हे शब्द मोठ्या अक्षरांत होते. आत एक ओळ होती, दरवर्षी ३ टक्के वाढ. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तर पंचविसाव्या वर्षी हा दर १० रुपयांच्या वर जातो. ऊन तेच, पॅनेले जुनी झालेली, आणि दर दुप्पट.

भांडवल नसलेल्या संस्थेने असा करार कधीच करू नये असे मी म्हणत नाही. परंतु सहीपूर्वी पाच गोष्टी लेखी मागाव्यात. दर कायम राहील का? ठरलेली निर्मिती झाली नाही तर भरपाई कोण देईल? गच्ची गळू लागली तर जबाबदारी कोणाची? मध्येच संच विकत घ्यायचा असेल तर कोणत्या वर्षी किती किंमत? आणि इमारतीचा पुनर्विकास निघाला तर करार विनाभरपाई संपेल का? तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींना हा शेवटचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

पुनर्वसनाच्या इमारतींचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. झोपडपट्टीतून काढून ज्यांना उंच इमारतींत घरे दिली, त्यांना लिफ्ट आणि पंप यांचे बिल प्रथमच भरावे लागले. बिल थकते, लिफ्ट थांबते, आणि सातव्या मजल्यावरची म्हातारी माणसे घरात कोंडली जातात. तेथे सामाईक मीटरवरचा छोटा संच म्हणजे माणसांची ये-जा सुरू राहण्याचा प्रश्न आहे. सौर विजेच्या अनुदानाची पहिली मागणी आपण या इमारतींसाठी केली पाहिजे.

जाळ्याचे काय?

वीज कामगारांतील मित्र मला विचारतात की, सुस्थितीतील ग्राहक गच्चीवर संच लावून बिल शून्यावर आणतील, तर खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि कामगारांचे पगार यांचा भार कोणावर पडेल? एका खोलीत राहणाऱ्यावरच ना? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सौर वीज दुपारी होते, आपण दिवे लावतो संध्याकाळी. दुपारी दिलेले युनिट रात्री परत मिळते, ते जाळे आहे म्हणून. त्या जाळ्याच्या खर्चात वाटा उचलण्यास आपण तयार असले पाहिजे. परंतु त्यावर उपाय गच्च्या मोकळ्या ठेवणे हा नव्हे. सार्वजनिक वीजसंस्थेनेच या कामात उतरावे. केरळच्या वीज मंडळाने २०१८ मध्ये ‘सौर’ नावाने छपरांवरील निर्मितीचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच दिशेचा होता. जे काम सार्वजनिक संस्था करीत नाही, ते करण्यास खासगी कंपनी दारात उभी असतेच.

आपल्यालाही सवयी बदलाव्या लागतील. आमच्या इमारतीचा पंप पहाटे पाच वाजता चालत असे. आता सकाळी अकरा ते तीन या वेळात चालतो. गच्चीवरची पाण्याची टाकी भरून ठेवणे म्हणजे दुपारचे ऊन रात्रीसाठी साठवणेच होय, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

परत गेल्यावर

परत गेल्यावर काय कराल, ते सांगून संपवतो. आधी बारा महिन्यांची सामाईक बिले एकत्र करा. गच्चीवर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कोणाची सावली कोठे पडते ते खडूने आखा, तेही हिवाळ्यात, कारण तेव्हा सावल्या लांब असतात. स्लॅबचे बळ अभियंत्याकडून तपासून घ्या. गळती असेल तर आधी ती दुरुस्त करा, आणि वाऱ्याचा जोर सांभाळणारी बांधणी पाण्याचा थर न फोडता कशी होईल ते ठेकेदाराला लेखी विचारा. पॅनेले धुणाऱ्या माणसाला कठड्याच्या कडेवर दोराविना उभे करणार नाही, हे करारात घाला. भाडेकरूंना सभेला बोलवा, त्यांना मत नसले तरी बोलू द्या. आणि ठराव करताना उरलेल्या जागेचा निर्णय त्याच सभेत करा, नंतर करू म्हणून सोडू नका.

आमचा संच सुरू होऊन एक पावसाळा गेला. त्या बाई परवा जिन्यात भेटल्या आणि विचारले, ‘माझे चौतीस युनिट कधी?’ त्यांना सांगितले की वीजकंपनीकडे अर्ज दिला आहे, उत्तर आलेले नाही. त्या म्हणाल्या, ‘मग पुन्हा जा.’ पुढच्या सोमवारी आम्ही सातजण पुन्हा जाणार आहोत. आपापल्या गावी आपणही असेच जावे, एवढेच सांगणे आहे.